तलवार नसून पुस्तक असल्याबाबत

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी नवीन सुरू करावं, असं सगळेच सांगतात. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या शनवारा मोहल्ल्यातल्या निवृत्तांपैकी एकानं होमिओपॅथी सुरू केली, एकानं सकाळी बागेत जाऊन टाळ्या वाजवणं सुरू केलं. मी एकसष्टाव्या वर्षी तलवारी, चेटूक, उघड्या अंगाचे योद्धे आणि काळ्या मनोऱ्यात राहणारे दुष्ट मांत्रिक असल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायला घेतल्या. त्याही मोठ्यानं, दुपारी चार वाजता, दार उघडं ठेवून. हे मी हौसेनं केलेलं नाही, एवढी नोंद सुरुवातीलाच व्हावी. मी जलकर शाखेत, म्हणजे लोकांच्या पाण्याच्या बिलांच्या टेबलावर, बत्तीस वर्षं काढली आणि शेवटची सहा वर्षं बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होतो. गिरधर वारके हे नाव ऐकून लोक नळ बंद करायचे.

हे सगळं माझ्या धाकट्या भावासाठी करावं लागलं. महेश नेपानगरला कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. कागदाची जाडी आणि ताकद तपासायची, हे त्याचं काम. लग्न केलं नाही. क्वार्टरमध्ये एकटा राहायचा, सुटीला आमच्याकडे यायचा, जेवायचा, आणि माळ्याच्या जिन्यावर बसून त्या कादंबऱ्या वाचायचा. मी त्याला म्हणायचो, अरे, वयाला शोभेल असं काही वाच. तो म्हणायचा, भाऊ, एवढं प्रकरण संपलं की वाचतो. चैत्रात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त ‘हां’ निघायचं. पाणी हवं का, हां. नको का, हां. आम्ही त्याला बुऱ्हाणपूरला आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं.

दर मंगळवारी खंडव्याहून अमृता नावाची एक मुलगी त्याला बोलायचे धडे द्यायला यायची. तिनं विचारलं, यांना कशाची आवड होती? मी म्हटलं, वाचनाची. कसलं वाचन? मी म्हटलं, इंग्रजी साहित्य. माझी बायको उषा तेवढ्यात चहा घेऊन आली. इभ्रत सांभाळायची माझी पद्धत तिला लग्नापासून पटलेली नाही. ती म्हणाली, तलवारवाल्या कादंबऱ्या. कव्हरवर बाप्याच्या अंगात सदरा नसतो आणि बाईच्या अंगावर त्याहून कमी असतं, त्या. अमृता हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, मग त्याच वाचून दाखवा. रोज एक तास. वाक्य संपत आलं की थांबायचं, शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा. ओळखीच्या गोष्टीतला शब्द लवकर परत येतो.

अडचण अशी होती की ती पुस्तकं मी रद्दीत घातली होती.

वैशाखात क्वार्टर रिकामं करायला मी एकटाच गेलो होतो. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार आशा ठेवू नका. दोन ट्रंका भरून पुस्तकं निघाली. पिवळी पडलेली, कोपरे खाल्लेली. मी उन्हात उभा राहून विचार केला की हा आता वाचणार नाही. ‘वाचणार’ हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरला, हे मला त्याच वेळी कळलं होतं. मग रद्दीवाल्याला हाक मारली. ट्रंका मात्र ठेवून घेतल्या. पत्रा चांगला होता. आता त्या महेशच्याच पलंगाखाली होत्या आणि त्यात गोधड्या होत्या. एकदा उषानं त्याच्यासमोर झाकण उघडलं, तेव्हा तो बराच वेळ त्या गोधड्यांकडे बघत राहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “हां?” मी म्हटलं, पुस्तकं नेपानगरला एका मित्राकडे ठेवलीत, आणायचीत.

दुसऱ्याच दिवशी मी नेपानगरला गेलो. रद्दीवाला मोठा अदबशीर माणूस. त्याला पुस्तकं आठवत होती. म्हणाला, “वो अंग्रेजीवाली? वो तो साहब, उसी हफ्ते निकल गई. अब तक लुगदी बनके, कॉपी बनके, किसी बच्चे के बस्ते में होगी.” पुस्तकांचा लगदा होऊन वह्या झाल्या असतील, हे त्यानं माझ्या समाधानासाठी सांगितलं. मी स्टेशनवर येऊन बाकावर बसलो, आणि आलेली गाडी माझ्यासमोरून निघून गेली तरी बसूनच होतो.

पुस्तकं पुन्हा मिळवायची तर नावं माहीत हवीत. मला एकही नाव माहीत नव्हतं. तीस वर्षं मी त्याला त्या पुस्तकांवरून बोललो, पण एकाचंही नाव वाचलं नाही. उषाला फक्त एका कव्हरवरचा हिरवा साप आठवत होता. आमच्या कोपऱ्यावर निलेशचं मोबाइलचं दुकान आहे. मी त्याला सांगितलं, शोध : हिरवा साप, तलवार, उघडा माणूस. त्यानं शोधलं आणि दहा मिनिटांनी म्हणाला, “काका, प्रॉब्लेम ये है की सगळ्याच पुस्तकांत साप आहे.” शेवटी नाशिकला आमच्या मुलीला, तृप्तीला फोन केला. लहानपणी सुटीत काका तिला गोष्टी सांगायचा. ती लगेच म्हणाली, “ओर्वाक. बाबा, त्याचं नाव ओर्वाक होतं.”

ओर्वाकाचे एकूण अकरा भाग निघाले. निलेशनं विचारलं, पहिला कोणता मागवायचा? मला वाटलं हा काय प्रश्न झाला, पहिला मागवायचा. पण नाही. या विषयात सुरुवात कुठून करावी यावर जगभर भांडणं चालू होती. एक पक्ष म्हणत होता, ज्या क्रमानं लिहिली त्या क्रमानं वाचा. दुसरा म्हणत होता, नायकाच्या वयाच्या क्रमानं. तिसऱ्याचं म्हणणं, पहिले तीन भाग कच्चे आहेत, चौथ्यापासून लागा. एकानं तर दुसऱ्याचं खानदान काढलं होतं. मी निलेशला सांगितलं, आपण आवक क्रमांकानं जाऊ. ज्याची नोंद आधी, तो कागद वर. आणि सगळेच मागव.

इथे शेजारचे बाबुराव आले. बाबुराव शाळेतून निवृत्त झालेले, दापोऱ्याला त्यांची केळीची बाग. सल्ला देताना ते पिशवीतून केळी काढून हातात देतात, त्यामुळे समोरच्याला उठून जाता येत नाही. ते म्हणाले, गिरधरराव, आपल्याकडे असुरांची एवढी परंपरा असताना परदेशी असुर मागवायचे म्हणजे काय. मी म्हटलं, महेशला हेच आवडतात. ते म्हणाले, आजारी माणसाच्या कानावर संस्कृत पडावं. मी म्हटलं, त्याला दहावीत संस्कृतात सदतीस होते. यावर त्यांनी आणखी दोन केळी दिली.

पुस्तकं दिल्लीच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून निघाली आणि कुरिअरच्या इथल्या ऑफिसात येऊन अडकली. असल्या कादंबऱ्यांना इंग्रजीत ‘स्वोर्ड अँड सॉर्सरी’ म्हणतात, म्हणजे तलवार आणि चेटूक. खोक्यावरच्या चिठ्ठीत जागा कमी पडली असणार. त्यावर छापलं होतं : स्वोर्ड, अकरा नग. माल पाठवायचा तो शनवाऱ्यातल्या एका निवृत्त माणसाला, आणि दिवस गणपतीचे, पोलीस बंदोबस्ताचे.

काउंटरवरचा माणूस कर्तव्यदक्ष होता. मी समजावलं की ही पुस्तकं आहेत. तो म्हणाला, “एक होती तो देख लेते, बाबूजी. ग्यारह हैं.” मी म्हटलं, उघडून बघा. तो म्हणाला, संशयित माल मला उघडता येत नाही. मी म्हटलं, मग कोण उघडतं? साहेब. साहेब कुठेत? सोमवारी येतील. हे उत्तर मी स्वतः बत्तीस वर्षं खिडकीतून दिलं आहे. ते बाहेरच्या बाजूनं कसं लागतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सोमवारी साहेब म्हणाले, लेखी अर्ज द्या. अर्ज म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. ते माझं मैदान. घरी येऊन मी लिहिलं : “विषय : वस्तु तलवार न होकर पुस्तक होने बाबत. महोदय, सविनय निवेदन है कि प्रार्थी के पास न कोई तलवार है, न प्रार्थी को तलवार की आवश्यकता है...” सोबत आधार, पेन्शनचं पुस्तक आणि महेशच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली : मरीज को कथा-श्रवण आवश्यक. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि परत केला. म्हणाले, यात तलवार हा शब्द तीनदा आला आहे, वरून पाहणाऱ्याला शंका येईल. मी तलवार न लिहिता दुसरा अर्ज लिहिला. तेव्हा ते म्हणाले, आता नेमकं काय नाही ते स्पष्ट होत नाही.

शेवटी असं ठरलं की दोन प्रतिष्ठित साक्षीदारांसमोर खोकं उघडायचं. एक साक्षीदार म्हणून मी बाबुरावांना नेलं. दुसरा कोण, तर रांगेत नातवाचे बूट घ्यायला सविताताई उभ्या होत्या. आमच्या भागातल्या भजनी मंडळाच्या त्या प्रमुख. कर्तव्यदक्ष माणसानं पट्टी कापली आणि वरचं पुस्तक बाहेर काढलं. कव्हरवर ओर्वाक होता, हिरवा साप होता, आणि एक बाई होती, तिच्याबद्दल मी इथे लिहीत नाही. मग त्या माणसानं नग मोजायचे म्हणून अकराही पुस्तकं काउंटरवर एका ओळीत, तोंड वर करून मांडली. सविताताईंनी चष्मा लावून सही केली, चष्मा काढला आणि मला विचारलं, “आजारी कोण आहे म्हणालात?”

खोकं घेऊन, मान खाली घालून मी घरी आलो. पुस्तकं महेशच्या पलंगावर ठेवली. त्याचा चेहरा डाव्या बाजूनं असा उजळला की कुरिअरवाले, साहेब, सविताताई, सगळ्यांना मी माफ केलं. मी पहिला भाग उघडला. महेशनं डाव्या हातानं तो सरळ खाली ढकलला. मी पुन्हा घेतला, त्यानं पुन्हा ढकलला. मग चाचपडत त्यानं सातवा भाग काढून माझ्या मांडीवर ठेवला. आवक क्रमांक वगैरे तिथेच संपलं. सुरुवात कुठून करावी हा जगभर चाललेला वाद आमच्या घरापुरता मिटला : सातव्यापासून, मग नववा, मग चौथा. त्याचं बोट जाईल तसं.

आता वाचन. माझं इंग्रजी चांगलं आहे, असा माझा समज होता. ‘आपल्या पत्राच्या संदर्भात’ पासून ‘योग्य कार्यवाहीसाठी सादर’ पर्यंत मला काही अडत नाही. पण या पुस्तकात कोणीच कोणाला पत्र लिहीत नव्हतं. पहिल्याच पानावर ओर्वाकाचे ‘थ्यूज’ चमकत होते. थ्यूज म्हणजे काय ते छोट्या डिक्शनरीत नव्हतं. बाबुराव म्हणाले, दागिने असावेत. तीन दिवस मी ओर्वाकाला दागिने घालून फिरवलं. महेशचे खांदे हसून गदगदत होते. मग निलेशनं शोधून सांगितलं की थ्यूज म्हणजे दंडाचे स्नायू. नावांचा आणखी वेगळा त्रास. मांत्रिकाच्या नावात सात व्यंजनं आणि एकच स्वर, तोही शेवटी. मी वाचायचो आणि लगेच मराठीत सांगायचो. गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड चालू असते, त्यावर आवाज चढवावा लागे. त्यामुळे “थांब नराधमा, आज तुझं रक्त या पायऱ्यांवर सांडेल” हे वाक्य मी म्हटलं तेव्हा समोरच्या घरातून दोघं जण काय झालं ते बघायला आले.

वाक्याचा शेवटचा शब्द मी सोडायचो. ओर्वाकानं उपसली... आणि थांबायचो. महेश म्हणायचा, “हां.” महिना गेला. ओर्वाकानं सोळा वेळा तलवार उपसली आणि सोळाही वेळा हां.

पुढं सातव्या भागात एक चेटकीण आली. चार पानं ती तळ्यात आंघोळ करते. लेखकानं कुठे घाई केलेली नाही. त्या दिवशी दार उघडं होतं, उषा पलीकडे मेथी निवडत होती, बाबुराव ‘सहज’ येऊन बसले होते, आणि भांडी आवरून धुरपदाबाई उंबऱ्यात टेकल्या होत्या. धुरपदाबाई आमच्याकडे वीस वर्षं कामाला. महेशला उठवणं-बसवणं त्याच करायच्या. मी शांतपणे चार पानं एकदम उलटली आणि म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ओर्वाक घोड्यावर बसून निघाला.

“मागे,” महेश म्हणाला.

मी म्हटलं, काय म्हणालास? त्याचं तोंड वाकडं होत होतं, मानेची शीर फुगली होती. “मागे. मागे.” डाव्या हातानं तो पानं उलटी फिरवून दाखवत होता.

सहा महिन्यांतला त्याचा पहिला शब्द. उषा हसायला लागली. मेथीची जुडी हातात धरून ती भिंतीला टेकून हसत होती, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला तो आम्हाला सगळ्यांना कळला, तेव्हा बाबुराव उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मंगळवारी अमृता आली तेव्हा फार खूश झाली. तिनं विचारलं, नेमका कोणता भाग वाचत होतात? मी म्हटलं, निसर्गवर्णन.

ती चार पानं अर्थातच वाचावी लागली. कशी वाचली ते माझं मला माहीत. नंतर मात्र शब्द येत गेले. ‘साप’ आला, ‘वहिनी’ आला, एका सकाळी ‘भाऊ’ आला. चार वाजता घरात गर्दी होऊ लागली. बाबुराव आता संस्कृतचं नाव काढत नसत. उशीर झाला तर आल्याआल्या विचारत, मनोऱ्यात शिरला का? धुरपदाबाई पुढच्या घरचं काम साडेपाचवर ढकलून बसायच्या.

दिवाळीनंतर आम्ही चौथा भाग घेतला. महेशनं तो माझ्याकडून काढून घेतला, डाव्या अंगठ्यानं कव्हर उघडलं आणि आतल्या कोऱ्या पानावरून बोट फिरवलं. प्रत्येक पुस्तकाच्या वेळी तो हे करायचा. मला वाटायचं किंमत बघतो. त्या दिवशी मला एकदम आठवलं : क्वार्टरमध्ये ट्रंकेतून पुस्तकं उपसताना प्रत्येकाच्या आत त्याच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. कुठे घेतलं, कोणत्या तारखेला. भुसावळ स्टेशन. इंदूर, पाऊस. वहिनींचं ऑपरेशन, खंडवा. मी ते पाहिलं होतं, आणि तरी दिलं होतं.

अजून चार वाजले नव्हते, घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “महेश, ही तुझी पुस्तकं नाहीत. तुझी मी रद्दीत दिली. मला वाटलं, तू आता...” आणि तो शेवटचा शब्द मला म्हणता आला नाही.

तो माझ्याकडे बघत होता. “माहीत,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

त्यानं पलंगाच्या खाली, ट्रंकांकडे बोट केलं. मग बराच वेळ त्याचं तोंड चालू होतं, पण शब्द सापडत नव्हता. मी थांबलो. अमृतानं तसंच सांगितलं होतं, मध्ये बोलायचं नाही.

“कागद,” तो म्हणाला. “कागद... झाला.” आणि डाव्या हातानं त्यानं हवेत एक मोठा रोल फिरवून दाखवला, कारखान्यात फिरतो तसा, आणि अर्ध्या तोंडानं हसला. आयुष्यभर त्यानं दुसरं काय पाहिलं होतं. मला मात्र हसता आलं नाही. मी चौथा भाग उघडून वाचायला लागलो, आणि पहिलं पान दोनदा वाचलं तरी त्यानं मला टोकलं नाही.

चौथ्या भागात टेस्सो येतो. हा ओर्वाकाचा सोबती, एक बुटका चोर. भित्रा, बडबड्या, कायम भुकेला. लढाई लागली की आधी डबा कुठे आहे ते बघणारा. धुरपदाबाईंना ओर्वाकापेक्षा तो जवळचा वाटायचा. म्हणायच्या, मोठ्याला काय, त्याला तलवार आहे. या गरिबाला कोण आहे. मार्गशीर्षात आम्ही अशा ठिकाणी होतो की दोघं काळ्या मनोऱ्याचा जिना चढतायत आणि मागून पावलं ऐकू येतायत. चाळीस-एक पानं उरली होती. महेशनं त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर हात वर केला, आज पुरे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दुसरा झटका आला.

दवाखान्यात चार दिवस. त्यानं डोळे उघडले नाहीत. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. दुसऱ्या दिवशी मी ते काढलं आणि त्याच्या कानाशी, जिथे थांबलो होतो त्याच्या आधीचंच पान, हळू आवाजात वाचायला लागलो. मराठी करायचं भान नव्हतं, इंग्रजीच वाचत होतो. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा मुलगा, डोईफोडिया गावाकडचा शेतकरी, येऊन हात जोडून उभा राहिला. संपल्यावर म्हणाला, “साहेब, कोणती प्रार्थना हाय माहीत नाही, पण माझ्या मायसाठी पण एकदा म्हणा.” त्याला काय सांगणार. मी त्या म्हातारीच्या कानाशीही ते पान वाचलं. त्यात एक कवटी आणि दोन वटवाघळं होती. ती माउली शनिवारी बरी होऊन घरी गेल्याचं नंतर कळलं. महेश गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास गेला.

मी रडलो नाही. कामं फार होती. तेराव्यापर्यंत मी एका कागदावर यादी करून एकेक काम खोडत होतो. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज मी स्वतः भरला, दुसऱ्याच्या हाती दिला नाही. हातात आला तेव्हा दाखल्यावर लिहिलं होतं, मृताचं नाव गिरधर वारके, अर्जदार महेश वारके. खिडकीतल्या मुलीनं माझा अर्ज काढून दाखवला. माझंच अक्षर, वळणदार. मीच रकान्यांची अदलाबदल केली होती. बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज असल्या चुकांसाठी परत केले होते. ती म्हणाली, दुरुस्तीसाठी तुम्ही जिवंत असल्याचं एक पत्र द्या. मी म्हटलं, देतो, आणि दोन दिवस दिलं नाही. ते दोन दिवस सरकारी कागदावर मी मेलेलो होतो आणि महेश होता. तो कागद बदलायला मला फार जड गेलं.

तेरावं झालं, तृप्ती नाशिकला गेली, आणि घर एकदम रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी चार वाजता बाबुराव आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. केळी आणली नव्हती. धुरपदाबाई झाडू कोपऱ्यात ठेवून उंबऱ्यात टेकल्या. उषा आतून आली. मी पिशवीतून चौथा भाग काढला.

जिना अरुंद होत जातो. मागची पावलं जवळ येतात. वर मांत्रिक, खाली त्याची माणसं. टेस्सो ओर्वाकाला म्हणतो, तू जा वर, मी जरा दम खातो. ओर्वाकाला ते खरं वाटतं, कारण टेस्सो नेहमीच दम खातो. तो वर जातो. टेस्सो खालच्या दाराला पाठ लावून बसतो. त्याच्याकडे एक छोटा सुरा आहे आणि खिशात अर्धी भाकरी. पुढची तीन पानं मी कशीतरी वाचली. महेशला हे सगळं माहीत होतं. त्यानंच हा भाग काढून माझ्या हातात दिला होता, आणि त्या दिवशी इथे येण्याआधीच हात वर केला होता. टेस्सोचं डोकं दाराला टेकलं, तिथे मी रडायला लागलो. बडे बाबू, एकसष्ट वर्षं वय, एका परदेशी बुटक्या चोरासाठी, उघड्या दारात. बाबुराव रुमालात तोंड घालून बसले होते. उषा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

नेमके तेव्हाच नेपानगरहून महेशचे सहकारी सोनवणे भेटायला आले. बाहेरगावी असल्यामुळे त्यांना कळायला उशीर झाला होता. सगळे असे रडताना पाहून ते दारातच चपलांसकट थबकले. मग हळूच धुरपदाबाईंना विचारलं, “कधी गेले?”

धुरपदाबाईंनी पदरानं नाक पुसलं. “आत्ताच गेला,” त्या म्हणाल्या. “जिन्यावर.”

सोनवण्यांनी आमच्या माळ्याच्या जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उषानं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते माझ्यासमोर बसले आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या कव्हरवर गेली.

“हे तर टेस्सोवालं,” ते म्हणाले. “डब्याच्या सुटीत महेश आम्हाला सांगायचा. पण जिन्यापर्यंतच. टेस्सो दाराला टेकला की तो डबा बंद करून उठायचा. आम्ही किती वेळा विचारलं, पुढे काय झालं? त्यानं कधीच सांगितलं नाही.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “काय होतं हो पुढे?”

“मलाही माहीत नाही,” मी म्हटलं. चष्मा पुसला आणि पुढचं पान वाचायला लागलो.